वॉक टू वर्क म्हणे!

सकाळपासून डोकं फिरलंय. लिहून टाकते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

लोअर परळला उतरलं की समोर नवीन होर्डिंग लागलंय. हसरं जोडपं, हातात कॉफीचे कप, मागे काचेचा टॉवर आणि खाली हे एवढ्या अक्षरांत 'वॉक टू वर्क'. ऑफिस म्हणे पाच मिनिटांवर. किंमत लिहिलेली नाही, कारण ज्याला किंमत विचारावी लागते त्याच्यासाठी ते लावलेलंच नाही. मी बदलापूरहून सव्वा तास उभी राहून आले होते, दादरला गाडी बदलताना जिन्यावर चपलेचा अंगठा तुटला होता, पाय घासत चालत होते. त्या जोडप्याकडे बघून तोंडातून अशी शिवी निघाली की शेजारची बाई वळून बघायला लागली.

अहो, आम्हाला शिकवताय चालत कामाला जायला? लोअर परळच्या या डिलाईल रोडवर, आमच्या गिरणगावात उभे राहून?

तुमच्यापैकी निम्मे तिथलेच आहात, तुम्हाला सांगायला नको. पण तरी सांगते. अण्णा, माझे वडील, इथल्या कापड गिरणीत साळखात्यात होते, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात. गिरणीचं नाव लिहीत नाही, कारण माझं आजचं ऑफिस तिच्यापासून दोन भिंती पलीकडे आहे आणि मला अजून सहा वर्षं नोकरी करायची आहे. पहिली पाळी असली की सकाळी सातला अण्णा आत, अकराला जेवणाची सुट्टी. आई पावणेअकराला भात उतरवायची, डबा भरून फडक्यात बांधायची आणि मला पिटाळायची. माझी शाळा दुपारची. चाळीचा जिना, पानाची टपरी, पिठाची गिरणी, कोपऱ्यावरची खानावळ, की आलं गेट. सात मिनिटं. अण्णा बाहेर यायचे तेव्हा भुवयांवर कापूस बसलेला असायचा. डबा हातात घेतला की आधी तळाला हात लावून बघायचे. "भात निवलो नाय मां गो?"

एकदा वाटेत माकडवाल्याचा खेळ बघत उभी राहिले. गेटाशी पोचले तेव्हा सुट्टी संपायला आली होती. अण्णा ओरडले नाहीत. उभ्याउभ्या चार घास खाल्ले, डबा बंद केला आणि आत गेले. साडेतीनला घरी येऊन उरलेला गार भात जेवले. आईने मला बदडलं ते वेगळं. पन्नाशी ओलांडली तरी ते माकड मला आठवतं.

हे काही 'ते सोन्याचे दिवस' छाप लिहीत नाहीये मी. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच आणि गावाहून आलेले तीन, मजल्याला चार संडास, पहाटे बादली घेऊन रांग. अण्णांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. आणि ज्या साळखात्याचा आमच्या घरात एवढा अभिमान, तिथे एके काळी दलित कामगारांना घेतच नव्हते, धोट्यातला, म्हणजे मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या नळीतला, दोरा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होईल म्हणून. तेही आपल्याच गिरणगावात, आपल्याच माणसांनी केलेलं. तेव्हा चाळीचे गोडवे गाणाऱ्यांनी माझ्या वॉलवर येऊ नये. आज बदलापुरात माझ्या घरात संडास आहे, त्याला आतून कडी आहे, त्याची किंमत मला कळते.

पण ती सात मिनिटं आमची होती हो. ती कुणी विकत घेतली नव्हती.

१८ जानेवारी १९८२. अडीच लाख माणसं संपावर गेली आणि भोंगा थांबला. पहिला आठवडाभर आई घड्याळ बघून पावणेअकरालाच भात उतरवत होती. अण्णा घरातच बसलेले, समोर भात वाफाळतोय आणि घरात कुणी बोलत नाहीये. पुढे ते गावी गेले, परत आले, भाजी विकली, मग एका बँकेच्या दारात वॉचमन. तो संप रीतसर कुणी मागे घेतलाच नाही, त्यामुळे अण्णा कागदावर अजून संपावरच आहेत असं आम्ही त्यांच्या तेराव्यालासुद्धा बोललो होतो. खोली ९६ साली पागडीने दिली, ताईचं लग्न होतं. मान्य आहे, आम्हीच दिली, कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती.

पण गिरण्यांच्या जमिनीचं काय? १९९१च्या नियमात ढोबळमानाने तीन वाटे होते: एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. कागदावर किती छान! मग २००१ साली तो नियम बदलला. गिरणी पाडून जी जमीन मोकळी होईल ती वाटायची नाही, आधीपासून जी मोकळी पडलेली असेल तेवढीच. म्हणजे भाकरी मालकाची आणि चुरा तिघांत. हायकोर्टाने २००५ला हा बदल अडवला होता, २००६ला सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. त्या दिवशी टीव्हीवर बातमी लागली तेव्हा अण्णांनी फक्त चॅनल बदलला.

कामगारांच्या घरांसाठी अर्ज किती? दीड लाखाच्या आसपास. २०१२च्या लॉटरीत घरं किती? ६,९२५. आमचा नंबर अजून लागलेला नाही. आणि आता काय म्हणतात, तर शेलू आणि वांगणीला ८१ हजार घरं. जुलै २०२५ला आझाद मैदानावर मोर्चा निघाला तो त्याच्या विरोधातच, घरं मुंबईतच द्या म्हणून. मी रजा टाकून गेले होते. शेजारी एक आजोबा काठी टेकून उभे होते, घोषणांना हात वर करायचा तर काठी सुटायची, म्हणून ते नुसती मान हलवत होते.

ज्यांना कर्जत लाइन माहीत नाही त्यांच्यासाठी: बदलापूर, मग वांगणी, मग शेलू. म्हणजे माझ्याही पुढे. २०१९च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, हजारावर माणसं बोटींनी बाहेर काढली. आम्ही दुधाच्या पिशव्या घेऊन गच्चीवरून बघत होतो. त्या पाण्याच्या पलीकडे गिरणी कामगारांचं पुनर्वसन. सत्तर-पंचाहत्तरीच्या माणसांचं. ज्यांनी आयुष्यभर चालत जाऊन काम केलं त्यांचं!

आता कुणीतरी म्हणेलच, फुकटात मुंबईत घर पाहिजे काय. फुकट कोण मागतंय? आणि मुंबईत जागाच नाही म्हणता, तर मग त्या होर्डिंगवरचा टॉवर काय ढगात उभा राहणार आहे?

ऑफिसात आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगी आहे, इंदूरची. हिने इथेच भाड्याने घर घेतलंय तिघींत मिळून. दुपारी मला म्हणाली, मॅम, मी चालत येते, सात-आठ मिनिटं लागतात, इतकं मस्त वाटतं ना! इतक्या आनंदाने सांगत होती की माझा सकाळचा सगळा राग तिच्यासमोर लुळा पडला. तिचा काय दोष? अर्धा पगार भाड्यात घालते बिचारी. तिला विचारलं, कुठून येतेस? तिने रस्ता सांगितला. शेवटचं वळण तेच, खानावळीचं. तिथे आता केकचं दुकान आहे. माझ्या घशात काहीतरी अडकलं, मी चहा आणायला उठले.

तसं लोअर परळला दलाल लोक 'अप्पर वरळी' म्हणतात हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणोत. मेलेल्या माणसाला आणखी काय मारणार.

२९ सप्टेंबर २०१७ मात्र मी विसरू शकत नाही. एल्फिन्स्टन (आताचं प्रभादेवी) आणि परळ स्टेशनांच्या मधला तो पूल, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. मी रोज त्याच पुलावरून जायची. त्या दिवशी घरसफाईसाठी रजा घेतली होती. गिरण्या गेल्या, त्या जागी काचेची ऑफिसं आली, त्यात काम करायला डोंबिवली, विरार, बदलापूरहून माणसं आली, आणि पूल मात्र तेव्हा तेवढाच होता. लांबून येणाऱ्यांचा हिशोब कुणी केलाच नाही, कारण आम्ही होर्डिंगवर नसतो.

मघाशी घरी आल्यावर आईला शेलूचं सांगितलं. तिची एक मैत्रीण फोन करून म्हणाली होती, मिळतंय ते घेऊन टाक, पोरांना होईल. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर वाटलं, घ्यावं. आईने शेंगा सोलता सोलता एकच विचारलं, "तिथून केईएमला कसं जायचं?" दर दोन महिन्यांनी परळच्या त्या हॉस्पिटलात तिला तपासणीला नेते मी. डिलाईल रोडला असताना ती परळपर्यंत चालत जायची, बरोबर शेजारणीला घेऊन, येताना लालबागला मसाला घेऊन यायची. मी म्हटलं, गाडीने जाऊ. ती काही बोलली नाही.

माझा डबा पहाटे साडेपाचला भरतो आणि दीडला उघडतो. ऑफिसात मायक्रोवेव्ह आहे, पण त्यात भात कडेने वाळतो आणि मध्ये गारच राहतो. डबा हातात घेतला की मी अजून तळाला हात लावून बघते. सवय.

सातची लोकल आहे, झोपते आता. आई आतून विचारतेय, उद्या डब्याला भात की चपाती. चपातीच दे म्हटलं.