४५ लाख कोटी आणि १२ मिनिटं

परवा आमच्या लोकमान्य नगरच्या गणेशोत्सव मंडळाचा हिशोब मांडला. मांडववाल्याला उचल कोणाला विचारून दिली, एवढ्यावर पाऊण तास गेला. विचारणाऱ्या काकू निवृत्त शिक्षिका. कोणी त्यांना "बसा आता" म्हटलं नाही. वर्गणी त्यांनीही दिली होती.

घरी येताना मला २३ मार्च २०२३ आठवत होता. त्या दिवशी लोकसभेत ४५ लाख कोटींचं बजट जेमतेम १२ मिनिटांत मंजूर झालं. एक बाजू अदानी प्रकरणाची चौकशी मागत होती, दुसरी राहुल गांधींची माफी. त्या गदारोळात सगळ्या खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे कोणत्या खात्याला किती पैसा हवा ते प्रस्ताव, एकदम आवाजी मतदानाने पास. याला गिलोटिन म्हणतात. मुदत संपली की राहिलेल्या मागण्या चर्चेविना मताला टाकायच्या, अशी ती सोय. इथे तर रेल्वे, शेती, आरोग्य, शिक्षण, सगळंच राहिलेलं! दुसऱ्या दिवशी ६४ दुरुस्त्यांसकट वित्त विधेयकही, म्हणजे करांचे प्रस्तावही, तसंच गेलं.

२०१८च्या १४ मार्चलाही हेच झालं होतं. अध्यक्षांच्या आसनावर आपल्या इंदूरच्या सुमित्राताई महाजन. ताईंचा मला अभिमान आहे, आणि सभागृह चालू न देणाऱ्यांचा दोषही लहान नाही. पण त्या वित्त विधेयकातली एक दुरुस्ती मला अजून सलते. पक्षांना परदेशी देणग्या घ्यायला मनाई करणाऱ्या कायद्यातली सवलत थेट १९७६पर्यंत मागे नेली. २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच कायद्याखाली भाजप आणि काँग्रेस, दोघांवरही ठपका ठेवला होता. एका ओळीत दोघं मोकळे, आणि त्या ओळीवर चर्चा नाही.

संसदेच्या स्थायी समित्या, म्हणजे खात्यांवर लक्ष ठेवणाऱ्या खासदारांच्या समित्या, मागण्या तपासतात, हे मान्य. पण त्यांचा अहवाल हातात धरून मंत्र्याला उभं करायची जागा सभागृहच आहे ना?

आपण ज्या गावात राहतो तिथे होळकरांच्या काळी दौलतीचा, म्हणजे राज्याचा, पैसा वेगळा आणि खासगीचा, म्हणजे घराण्याचा स्वतःचा, वेगळा असे. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत जो दानधर्म केला, तो खासगीतून. दौलतीच्या पैशाला हात लावताना एवढा संकोच होता.

गणपतीत आरतीला खासदार येतात, आमदार येतात. यंदा काकू आणि मी ताट धरून उभ्या राहू आणि विचारू: कोणत्या खात्याच्या मागण्यांवर बोललात? किती वेळ बोललात? भोपाळला विधानसभेत पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा पैसा, आल्या तेव्हा सभागृहात होतात का? तुमच्याकडे कोणी येत असेल, तर तुम्हीही विचारा आणि जे उत्तर मिळेल ते इथे खाली लिहा.