पाचशे बारा जीबीची वाटणी

संगणकावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, असं मला सांगण्यात आलं होतं. भाषा निवडा, कीबोर्ड निवडा, नकाशावर टिचकी मारून टाइमझोन सांगा, पुढे, पुढे, पुढे. दहाव्या मिनिटाला इन्स्टॉलरने विचारलं, सगळी डिस्क पुसून मी माझं बघू, की तुम्हाला ‘दुसरं काही’ करायचंय?

शहाणा माणूस पहिल्या पर्यायावर टिचकी मारून झोपायला जातो.

‘दुसरं काही’ म्हणजे डिस्कचे तुकडे, पार्टिशनं, आपल्या हाताने पाडायचे. तिथे गेल्यावर एक लांबलचक राखाडी पट्टी आली. खाली लिहिलेलं: रिकामी जागा, ४७६ जीबी. डिस्क तर ५१२ची घेतली होती! म्हणजे वाटणीला बसायच्या आधीच ३६ जीबी गुल. (कोणी खाल्लेले नसतात ते. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक १०२४च्या. दोघंही खरंच बोलतात, डोक्याला हात आपण लावायचा.)

मी सल्ला घ्यायचं ठरवलं, ही दुसरी चूक. आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी या विषयातले जुने खेळाडू. फोनवर म्हणाले, “हे बघ, सगळं एकत्र कधीच ठेवायचं नाही. सिस्टीमचं रूट वेगळं, तुझ्या फायलींचं होम वेगळं, सिस्टीमच्या बदलत्या फायलींचं व्हार वेगळं, तात्पुरत्या फायलींचं टेम्प वेगळं. व्हारमध्ये लॉग, म्हणजे सिस्टीमच्या नोंदी, फुगल्या तर तेवढंच भरेल, सिस्टीम तरी उभी राहील. आणि मशीन सुरू करणाऱ्या फायलींचं बूट अगदी सुरुवातीला घे, १०२४ सिलिंडरांच्या आत.”

“माझी एसएसडी आहे, तिच्यात फिरतं काहीच नाही. सिलिंडर कुठून आणू?”

“तरी घे,” ते म्हणाले. सिलिंडर म्हणजे फिरत्या डिस्कवरची वर्तुळं. जुन्या बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला, त्यापलीकडचं वाचता यायचं नाही म्हणून तो नियम होता. ते बायोस गेले, नियम मात्र ठणठणीत आहे. तेच स्वॅपचं, म्हणजे रॅम कमी पडली तर डिस्कवर वापरायच्या जागेचं. “रॅमच्या दुप्पट,” ते म्हणाले. रॅम ६४ एमबी होती तेव्हा हे परवडायचं. माझी १६ जीबी, म्हणजे ३२ जीबी स्वॅप. संगणक हायबरनेट करायचा, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून बंद करायचा, तर रॅमइतकी जागा लागते म्हणे. मी जन्मात कधी हायबरनेट केलेलं नाही, पण उद्या करावंसं वाटलं तर?

मग मित्राला विचारलं. तो म्हणाला, “अरे, एकच पार्टिशन कर आणि मोकळा हो.” हा सल्ला मला फारच उथळ वाटला.

वाटणीची नोंद ठेवायची पद्धत एमबीआर की जीपीटी, हाही एक प्रश्न होता. एमबीआरमध्ये प्रायमरी पार्टिशनं चारच. जास्त हवी असतील तर त्यातलं एक एक्स्टेंडेड करायचं आणि त्याच्या पोटात लॉजिकल बसवायची. जीपीटीत सहसा १२८ मिळतात. मी जीपीटी घेतलं, कारण एवढी मोकळीक असताना चारवर अडून बसायला मन होईना.

रात्री एक वाजता वाटणी झाली. मशीन सुरू होताना लागणारं ईएफआय अर्धा जीबी, बूट अर्धा, रूट २०, टेम्प ५, व्हार १०, होम ४०८, शेवटी स्वॅप ३२. बेरीज बरोबर ४७६. पट्टीवर सात रंग उमटले. झोपलेल्या बायकोला उठवून दाखवावेत इतके सुंदर. मी उठवलंही. ती म्हणाली, “पण तुम्हाला करायचंय काय त्यावर?” हा प्रश्न इन्स्टॉलरने कुठेच विचारला नव्हता.

चार महिन्यांनी एक पॅकेज टाकायला गेलो तर उत्तर आलं: डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. होममध्ये साडेतीनशे जीबी ओस पडले होते. भरलं होतं ते व्हार. लॉगनी नाही, तर उतरवलेली पॅकेजं आणि कंटेनरच्या (डब्यात बंद करून चालवायच्या प्रोग्रॅमच्या) इमेजनी. त्या सगळ्या तिथेच जाऊन बसतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सिस्टीम मात्र सांगितल्याप्रमाणे उभी होती. नुसतीच उभी.

व्हार वाढवायचं तर शेजारी होम. युक्ती अशी सुचली की टोकाचं स्वॅप उडवायचं, होम २४ जीबी उजवीकडे सरकवायचं, सुटलेली जागा व्हारला द्यायची आणि टोकाला ८ जीबीचं नवं स्वॅप करायचं. कागदावर हे दोन इंचांचं काम होतं. पण पार्टिशन सरकवायचं म्हणजे बांध हलवायचा नसतो, अख्खं शेत उचलून पलीकडे ठेवायचं असतं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, ‘लागू करा’ दाबलं. उरलेला वेळ: दोन तास. थोड्या वेळाने: तीन तास. आणि तेव्हा मला आठवलं की माझा बॅकअप होममध्येच आहे.

देव पाण्यात घालून बसलो. वेळ जाईना म्हणून मोबाइलवर वाचत होतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सलाही, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजालाही, पहिली डिस्क पुरली नव्हती. सिस्टीमचा काही भाग दुसऱ्या डिस्कवर, वापरकर्त्यांच्या यूएसआरमध्ये, सांडला आणि तिथेच राहिला. म्हणजे अंदाज त्यांचाही चुकला होता. फरक इतकाच, की त्यांच्या चुकीची पुढे परंपरा झाली.

पहाटे काम संपलं. सगळं जिवंत होतं. फक्त नव्या स्वॅपला नवा ओळख क्रमांक मिळाला, आणि सुरू होताना कोणती पार्टिशनं जोडायची ते लिहिलेल्या एफस्टॅब नावाच्या फाइलीत अजून जुनाच आहे. त्यामुळे मशीन सुरू झालं की गेलेल्या स्वॅपची दीड मिनिट वाट बघतं, सेकंद मोजून दाखवतं आणि मग नाइलाजाने पुढे जातं. रोज. एक ओळ बदलली की भागेल, हे मला ठाऊक आहे. पण त्या फाइलीला हात लावायच्या आधी बॅकअप घ्यायला हवा, आणि बॅकअपसाठी एक वेगळं पार्टिशन काढावं म्हणतोय.