तीच मेंढी, नवी लोकर

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा संगणकावरचा गेम ३० सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत बाजारात आला. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी तो एकदा मिळवला, मनसोक्त खेळला आणि पुढे नोकरी, लग्न, गृहकर्ज अशा रीतसर मार्गाने ते प्रौढ झाले. माझेही हे सगळे यथाक्रम पार पडले. फक्त प्रत्येक टप्प्यावर मला तोच गेम पुन्हा एकदा विकत घ्यावा लागला.

ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर सुरुवातीला आपल्या पदरी एक नगरकेंद्र, तीन गावकरी, एक टेहळणी करणारा घोडेस्वार आणि आसपास चरणाऱ्या काही मेंढ्या असतात. मेंढ्या मारून खायच्या, लाकूड तोडायचे, शेती लावायची, सोने आणि दगड खणायचे, आणि या सगळ्या मिळकतीतून सैन्य उभारून शेजाऱ्याचे गाव जाळायचे, एवढाच त्याचा सारांश आहे. तो इतक्या वर्षांत यत्किंचितही बदललेला नाही, हे आमच्या घरी माझ्याविरुद्ध वापरले जाणारे मुख्य हत्यार आहे. मी एकदा पत्नीला म्हणालो, की आपण दर वर्षी हापूसची पेटी घेतो, तेव्हा गेल्या वर्षी खाल्ला होता ना, असे कोणी विचारत नाही. त्यावर ती शांतपणे म्हणाली, “अरे, आंबा संपतो.” तिचा मुद्दा बिनतोड वाटला तरी गेमसुद्धा संपतो, तो खेळून संपत नाही, तर त्याच्या भोवतालचे जग संपते, आणि ते कसे, हेच मला सांगायचे आहे.

पहिली प्रत मी विकत घेतली असे म्हणणे कायद्याला मान्य होणार नाही, पण पैसे मी रोख मोजले होते. अभियांत्रिकीच्या वसतिगृहात एक मुलगा सीडी ‘राइट’ करून देत असे आणि त्या सीडीवर काळ्या मार्करने गेमचे नाव लिहून त्याखाली ‘चालते’ असा शेरा मारत असे. त्या व्यवहारात हमी म्हणून जे काही होते ते एवढेच. खिडक्यांतून लोंबणाऱ्या वायरींनी खोल्या एकमेकींना जोडलेल्या असत, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर कोणीतरी गेममध्ये ३० हा आकडा टाइप करून त्यातली ‘वोलोलो’ ही ठरलेली आरोळी सगळ्यांच्या स्पीकरमधून एकदम उठवली, की रेक्टर कोणत्या खोलीचे दार वाजवावे या विवंचनेत पडत.

नोकरी लागल्यावर मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, खोक्यातली अस्सल प्रत आणली. मागची बाकी चुकवावी एवढाच त्यामागचा उदात्त हेतू होता असे मी घरी सांगितले असले, तरी खरे आकर्षण आतल्या घडीच्या तक्त्याचे होते. कोणत्या लोकांकडे कोणते सैन्य असते आणि कोणता शोध कशानंतर लागतो, हे त्यावर बारीक अक्षरांत छापलेले होते, आणि मी तो तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, जिथे इतर घरांत दुधाचा हिशेब असतो.

त्यानंतर लॅपटॉप आले आणि लॅपटॉपची सीडी घालायची जागा बुजली. खोका हातात, गेम सुरू करायचा सांकेतिक क्रमांक छापलेला, पण सीडी घालायची कुठे, हा प्रश्न होता. जागा असती तरी निभाव लागला असता असे नाही, हे मला पुढे वाचनातून कळले. त्या काळच्या अनेक गेमच्या सीड्यांना नक्कल रोखण्यासाठी सेफडिस्क नावाचे एक कुलूप लावलेले असे, आणि २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मध्ये ते कुलूप चालत नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा, की पूर्ण किंमत मोजून प्रामाणिकपणे घेतलेली सीडी दारातच अडते, आणि जिच्यावरचे कुलूप आधीच तोडलेले आहे ती मात्र आत जाते. मार्करने लिहिलेला तो शेरा इतका दूरदर्शी होता याची कल्पना तेव्हा त्या मुलालाही नसावी.

मूळ गेम बनवणारी एन्सेम्बल स्टुडिओज ही टेक्सासमधील संस्था २००९ च्या जानेवारीतच बंद झाली होती. गेमला ते कोणी कळवले नसावे, कारण एप्रिल २०१३ मध्ये त्याची ‘एचडी’ आवृत्ती आली आणि मी ती घेतली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘डेफिनिटिव्ह’ आवृत्ती आली आणि मी तीही घेतली. या दोहोंत फरक काय, असे मला विचारण्यात आले, तेव्हा मी दोन्हींतील मेंढ्या शेजारी शेजारी लावून दाखवल्या. नव्या मेंढीची लोकर स्वतंत्रपणे दिसते, हे मान्य झाले. त्यासाठी पैसे द्यावेत का, यावर मतैक्य झाले नाही.

शेतीचे उदाहरण दिले असते तर कदाचित निकाल माझ्या बाजूने लागला असता. मूळ गेममध्ये ६० लाकूड खर्चून शेत लावावे लागे, आणि पुढचे शोध लागलेले नसतील तर १७५ अन्न निघाल्यावर त्या शेताचा कस संपे. मग त्यावरचा शेतकरी, तुमचे लक्ष लढाईत गुंतलेले असताना, त्या ओसाड तुकड्यावर कोणाला काही न बोलता उभा राही. आगाऊ पेरण्या नोंदवून ठेवण्याची सोय २००० सालच्या ‘द कॉन्करर्स’ या एक्स्पान्शन पॅकने, म्हणजे वेगळ्या विकल्या जाणाऱ्या पुरवणीने, केली, आणि ‘डेफिनिटिव्ह’ आवृत्तीत शेत आपोआप पेरले जाऊ लागले. म्हणजे शेतीचा एक साधा प्रश्न सुटायला वीस वर्षे लागली आणि त्याच्या प्रत्येक टप्प्याचा निधी मी माझ्या खिशातून भरला. एवढे सातत्य प्रत्यक्ष कृषी धोरणातही क्वचितच आढळते.

या बाबतीत मी एकटा नाही, हा माझा मोठा दिलासा आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ हा गेम २०१३ मध्ये टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांच्या एका पिढीवर आला, २०१४ मध्ये दुसऱ्या, २०१५ मध्ये संगणकावर आणि २०२२ मध्ये तिसऱ्या पिढीवर. त्याच्या २० कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. या आकड्यावरून लोक खेळाडूंची संख्या काढतात तेव्हा मला हसू येते. २०११ च्या ‘स्कायरिम’ या गेमची गोष्ट तर याहून पुढची आहे. तो इतक्या यंत्रांवर इतक्या वेळा निघाला, की २०१८ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी स्वतःचीच थट्टा म्हणून ॲलेक्सा या बोलक्या यंत्रावर नुसते बोलून खेळायची आवृत्ती जाहीर केली आणि ती खरोखरच चालत होती. त्याचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी याच सुमारास अशा आशयाचे सांगितले, की आम्ही हा गेम पुन्हा काढू नये असे वाटत असेल तर तुम्ही तो घेणे थांबवा. चेंडू इतक्या सभ्यपणे आमच्या अंगणात टाकलेला असूनही आम्ही तो उचलून परत त्यांनाच विकत मागितला.

परंतु माझ्या सर्व खरेद्यांत सर्वांत कष्टाची ठरली ती ‘डेफिनिटिव्ह’ आवृत्तीची दुसरी प्रत. नोकरी बदलताना जुन्या कंपनीचे सिमकार्ड परत करावे लागले आणि गेम ज्या ऑनलाइन दुकानातून घेतला होता तिथले खाते त्याच क्रमांकाला जोडलेले राहिले. नवा लॅपटॉप घेतल्यावर दुकानाने माझी ओळख पटवण्यासाठी जुन्या क्रमांकावर ओटीपी पाठवला. मदत केंद्राकडे दाद मागितली, तेव्हा खात्यावरच्या पहिल्या खरेदीची तारीख आणि त्या वेळच्या कार्डाचे शेवटचे चार अंक कळवावेत, असे सौजन्यपूर्ण उत्तर आले. ते कार्ड मी बँकेच्या सूचनेनुसार कात्रीने कापून टाकलेले होते. आपल्याकडे बंद झालेला मोबाइल क्रमांक किमान ९० दिवस कोणाला दिला जात नाही, असा नियम आहे. ती मुदत केव्हाच उलटली होती. तेव्हा मी सरळ स्वतःच्या जुन्या क्रमांकाला फोन लावला. बोलण्यावरून सांगोला-मंगळवेढ्याकडचे वाटणाऱ्या एका गृहस्थांनी तो उचलला.

“नमस्कार, हा नंबर पूर्वी माझा होता,” मी म्हणालो.

“बरं मग?”

“आता तुमच्या मोबाइलवर एक सहा आकडी नंबर येईल, तेवढा मला सांगता का?”

हे वाक्य उच्चारून झाल्यावर मला उमगले, की बँका, पोलीस आणि कॉलर ट्यून यांनी गेली कित्येक वर्षे ज्याच्यापासून जनतेला सावध केले तो मनुष्य हुबेहूब असाच बोलतो. पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही.

“कालच एकानं वीज तोडतो म्हणून ओटीपी मागितला,” ते म्हणाले. “तुम्ही काय तोडणार?”

“मी काही तोडणार नाही हो. माझा एक गेम त्यात अडकलाय.”

“कसला गेम?”

घाबरल्यावर माणूस तपशिलात शिरतो, तसा मीही शिरलो. “म्हणजे त्यात गाव वसवायचं, शेती करायची, मेंढ्या सांभाळायच्या, लाकूड तोडायचं...”

“ते तर हितं हायेच की,” ते म्हणाले. “त्याला नंबर कशाला लागतोय?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि अजूनही नाही. मग त्यांनीच, बहुधा माझा आवाज ऐकून दया आल्यामुळे, गेम केवढ्याला मिळतो ते विचारले. मी किंमत सांगितली. “एवढंच हाय, तर दुसरा घ्या की,” असा सल्ला देऊन त्यांनी फोन ठेवला आणि पुढच्या वेळी तो लागला नाही, यावरून माझा क्रमांक त्यांनी ब्लॉक केला असावा. त्यांच्या जागी मी असतो तर याहून कमी बोलून एवढेच केले असते. मी नवे खाते उघडले आणि दुसरा घेतला. पहिला त्या बंद खात्यात आजही सुखरूप आहे.

तो माझा आहे असे म्हणावे, तर त्यालाही आता आधार उरलेला नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू झाला आहे, की डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला मालकी मिळत नसून केवळ वापराचा परवाना मिळत आहे, हे दुकानाने स्पष्ट सांगितले पाहिजे. लोकांना ते आधी ठाऊक नव्हते अशातला भाग नाही. ‘द क्रू’ हा २०१४ चा मोटारशर्यतीचा गेम घ्या. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी तो सीडीसकट घेतला होता त्यांनाही एकट्याने गाडी चालवता येईना. त्या हिशेबाने माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकणार नाही अशा माझ्या प्रती दोनच आहेत. एक कपाटातल्या खोक्यात आहे आणि दुसरीवर मार्करने ‘चालते’ असे लिहिलेले आहे, पण ती चालवून पाहायला घरात यंत्र नाही.

परवाना का होईना, घेणे मात्र चालूच राहिले. एप्रिल २०२२ मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ हा पॅक आला. त्यात ज्यांच्या बाजूने खेळायचे त्या लोकांत बंगाली, द्रविड आणि गुर्जर हे नव्याने आले आणि पूर्वी सरसकट ‘इंडियन्स’ म्हणून वावरणाऱ्यांचे ‘हिंदुस्तानी’ झाले. यांतल्या गुर्जरांना मेंढ्या मिलमध्ये, म्हणजे गावच्या धान्यगिरणीत, नेऊन ठेवता येतात आणि त्यांच्यापासून हळूहळू अन्न मिळत राहते. मेंढी मारावी लागत नाही. पत्नीने या गेमविषयी काढलेला एकमेव बरा उद्गार या मेंढ्यांच्या वाट्याला आला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘रिटर्न ऑफ रोम’ आला, ज्यात ‘एज ऑफ एम्पायर्स’चा पहिला भाग दुसऱ्या भागाच्या पोटात घालून विकण्यात आला. पहिला भाग माझ्याकडे स्वतंत्रपणे होता, त्याची २०१८ ची सुधारलेली आवृत्तीही होती. तरीही तो आत नीट बसतो का, हे पाहणे मला आवश्यक वाटले.

२०२५ मध्ये हा गेम प्लेस्टेशन ५ वर आला. ज्या मायक्रोसॉफ्टने तो पहिल्यापासून प्रकाशित केला, तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर तो पोचला, ही इतिहासदृष्ट्या मोठीच घटना असल्यामुळे मी तो भाच्याच्या यंत्रावर घेऊन दिला. सुटीत तो यंत्रासकट आमच्याकडे राहायला आला होता. मोबाइलवर मिनिटाला दोन माणसे टिपण्याची सवय असल्याने थोड्या वेळाने त्याने विचारले, “मामा, यात मरायला एवढा वेळ का लागतो?” मी त्याला आधी गाव वसवावे लागते हे समजावले. मग त्याने मराठे कुठे आहेत असे विचारले, आणि या गेमचा इतिहास साधारण सोळाव्या शतकापाशी थांबतो हे ऐकून त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू तो मीच थांबवला आहे. निदान मेंढ्या न मारणारे गुर्जर तरी दाखव, असे तो म्हणाला, तेव्हा ते कुलूपबंद असून वेगळे विकत घ्यावे लागतील, असे पडद्यावर आले.

“पण तू ते घेतलेत ना?”

“संगणकावर घेतलेत. ते इकडे येत नाहीत.”

“का?”

स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला. हे उत्तर ऐकण्यात त्याच्या मामीलाही रस होता. मी तिच्याकडे न पाहता भाच्याला माझे पाकीट आणायला सांगितले आणि कार्डाच्या मागचे तीन आकडे जरा हळू आवाजात वाच, असे बजावले.