नाव खोडले म्हणजे ओळख पुसली जात नाही

विद्यापीठांतील चॅटजीपीटीसारख्या जनरेटिव्ह एआय साधनांविषयीची चर्चा बहुधा विद्यार्थ्यांच्या कॉपीपाशी येऊन थांबते. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण आपण प्राध्यापक, संशोधक आणि कार्यालयीन कर्मचारी या साधनांमध्ये रोज काय काय पेस्ट करतो, याची मला अधिक काळजी वाटते.

सोलापुरात समाजशास्त्र किंवा समाजकार्यात पीएच.डी. करणारा विद्यार्थी विडी कामगार महिलांच्या प्रश्नांकडे वळला, तर त्यात नवल नाही. शहराच्या पूर्व भागातील किंवा कुंभारीच्या विडी घरकुल या कामगार वसाहतीतील बाई मुलाखत देते ती तेलुगूत, प्रबंध लिहायचा असतो मराठीत आणि शोधनिबंध छापायचा असतो इंग्रजीत. पूर्वी यासाठी तेलुगू जाणणाऱ्या एखाद्या मित्राची मनधरणी करावी लागे. आता मुलाखतीचा मजकूर एआयला दिला की घटकाभरात अनुवाद हाती येतो. ही सोय नाकारावी असे मी म्हणणार नाही. मात्र त्या बाईने संमतिपत्रावर सही केली, ती ‘माहिती केवळ संशोधनासाठी वापरली जाईल’ या आश्वासनावर. तिचे बोलणे एका परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर जाईल, तेथे काही काळ साठून राहील आणि वैयक्तिक खात्याचे सेटिंग बदललेले नसेल तर कदाचित पुढील मॉडेलच्या प्रशिक्षणासाठीही वापरले जाईल, हे तिला कोणी सांगितलेले नसते. ते सेटिंग बंद करता येते आणि करावेही. पण त्यामुळे मजकूर पाठवला गेलाच नाही, असे होत नाही.

‘आम्ही नावे काढून टाकतो’ हे यावरचे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. पोस्टाचा पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येण्याजोगे असतात, असे लटान्या स्वीनी या संशोधिकेने २००० साली जनगणनेच्या आकडेवारीवरून दाखवून दिले. आपल्याकडे तर जन्मतारखेचीही गरज पडत नाही. चाळिशीतील विधवा, नवरा यंत्रमागावर कामाला होता आणि क्षयाने गेला, थोरली मुलगी नर्सिंगला, धाकटीचे शिक्षण सुटलेले, एका नातेवाइकाकडून व्याजाने घेतलेले पैसे अजून फिटलेले नाहीत, एवढे वर्णन आले की तिच्या गल्लीतील कोणीही तिचे नाव सांगेल. पण हेच तपशील गाळले तर मुलाखतीत संशोधनाजोगे फारसे काही उरत नाही. अडचण आहे ती इथेच, आणि नाव खोडण्याच्या सवयीने ती सुटत नाही.

मोठ्या कंपन्यांकडे माहिती सुरक्षितच असते, असे मानण्यालाही आधार नाही. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटीतील एका दोषामुळे काही वापरकर्त्यांना इतरांच्या संभाषणांची शीर्षके दिसली होती. त्याच वर्षी सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाले आणि कंपनीने अशा साधनांच्या वापरावर बंदी घातली.

आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेत कुचराई झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संशोधनाला या कायद्यात सूट आहे, असे कोणी लगेच सांगेल. ती आहे खरी, पण ठरवून दिलेली मानके पाळली तरच.

कार्यालयांची गोष्ट आणखी सरळ आहे. जात, उत्पन्न, आधार आणि बँक खात्याचे तपशील असलेली शिष्यवृत्तीची यादी किंवा अंतर्गत तक्रार समितीकडे आलेला अर्ज ‘जरा नीट भाषेत लिहून दे’ म्हणून फुकटच्या खात्यावर टाकणे, यावर चर्चा करण्यासारखे काही नाही. ते करू नये.

पण सगळा दोष माणसांवर ढकलणेही मला पटत नाही. काम वाढत जाते, माणसे तेवढीच राहतात आणि संस्थेने दुसरे साधन दिलेले नसते. मग कर्मचारी स्वतःच्या जीमेलने खाते उघडणारच. प्रशिक्षणासाठी मजकूर न वापरण्याची आणि तो ठरावीक मुदतीत नष्ट करण्याची अट करारात घालून संस्थेनेच खाते घ्यावे. नाजूक मुलाखतींसाठी लामा किंवा जेम्मा यांसारखी उतरवून घेता येणारी एआय मॉडेल विभागातील संगणकावरच चालवता येतात. तेलुगूतून मराठीत त्यांचा अनुवाद कदाचित ओबडधोबड येईल, तो हाताने सुधारावा लागेल. पण मजकूर विभागाबाहेर जाणार नाही.

आणि संमतिपत्रात एक वाक्य वाढवायला हवे: ही मुलाखत एआयच्या साहाय्याने अनुवादित केली तर चालेल का? ते तेलुगूत आणि कन्नडमध्येही असावे आणि वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवावे. काही जणी नको म्हणतील. त्यांच्या मुलाखतींसाठी तेलुगू जाणणाऱ्या माणसाचे मानधन संशोधन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवावे लागेल.