"अशा मुलांच्या हातात फोन कशाला?"

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एका मैत्रिणीने विचारलं, तिच्या शाळेतल्या सहावी-सातवीच्या विशेष मुलांना ऑनलाइन सेफ्टी शिकवायचीय, सुरुवात कुठून करू. पहिलंच उत्तर आलं, "अशा मुलांच्या हातात फोन द्यायचाच कशाला?" आणि त्याखाली पटापट अंगठे. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

माझा मुलगा बारा वर्षांचा, ऑटिस्टिक, इथे अमेरिकेत सिक्स्थ ग्रेडला. बोलताना त्याचे शब्द अडकतात, टाइप करताना अडकत नाहीत. त्याचा फोन काढून घेणं म्हणजे त्याचं तोंड बंद करणं, हे त्या अंगठेवाल्यांना कसं सांगू?

गेल्या वर्षी गेममध्ये कोणीतरी त्याला रोज नाणी पाठवायचं, आणि अकराव्या दिवशी शाळेचं नाव विचारलं. याने सांगितलं. मी ओरडले, अनोळखी माणसाला काही सांगायचं नाही हे तुला माहितीये ना! तर तो शांतपणे म्हणाला, "तो अनोळखी नाहीये, मी त्याला दहा दिवस ओळखतो." त्याने नियम मोडलाच नव्हता, आम्ही शिकवलेला नियमच कुचकामी होता.

मग आयईपी, म्हणजे शाळा अशा प्रत्येक मुलासाठी वेगळी शैक्षणिक योजना बनवते, तिच्या मीटिंगमध्ये मी हट्टाने एक ध्येय लिहून घेतलं: खाजगी माहिती मागणारा मेसेज पाचपैकी चार वेळा ओळखेल आणि उत्तर न देता ठरलेल्या मोठ्या माणसाला दाखवेल. त्याची टीचर "सावध राहा" असलं मोघम काही बोलतच नाही. खोटे मेसेज छापून आणते आणि तीन ढीग लावायला सांगते. उत्तर दे, थांब, दाखव. कागदावर जमलं की तेच शाळेच्या लॅपटॉपवर, मग घरी माझ्या फोनवर, कारण या मुलांना वर्गात आलेलं घरी येईलच असं नसतं. "आईला सांगू नकोस" असं लिहिलेला मेसेज आईला दाखवायचाच, हे तर चाळीसेक वेळा घोटलं असेल. आणि माझ्यासाठी एक नियम: दाखवल्यावर ओरडायचं नाही, फोन काढून घ्यायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो लपवेल.

भारतात कायदे नाहीत असं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत, 2023 च्या डेटा कायद्यात अठराच्या आतल्या मुलांची माहिती वापरायला पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पण संमती मी देणार, आणि रात्री मेसेज आला की समोर तो एकटा असणार, त्याचं काय? आमच्याकडे 2008 च्या कायद्यामुळे इंटरनेटची सरकारी सवलत घेणाऱ्या शाळांना ऑनलाइन वागणं शिकवावंच लागतं.

"आमच्याकडे." हे मी ग्रुपवरही असंच लिहिलं, आणि लगेच उत्तर आलं, "तिकडे बसून बोलणं सोपं असतं." ते लागलं, कारण आम्ही परत आलो नाही ते या शाळेसाठीच. आणि त्याची किंमत मला माहितीये. तो तीन वर्षांचा असताना थेरपिस्टने सांगितलं, घरात एकच भाषा बोला, आणि मी त्याच्याशी मराठी बोलणं थांबवलं. दोन भाषांनी अशा मुलांचं नुकसान होत नाही हे फार उशिरा कळलं.

मागच्या महिन्यात आजीने नंबर बदलला आणि नव्या नंबरवरून व्हिडिओ कॉल केला. त्याने नंबर बघितला, उचलला नाही, वाजता फोन तसाच माझ्याकडे आणून दिला. अगदी शिकवल्यासारखं. मला एवढा अभिमान वाटला, आणि पलीकडे माझी आई रडवेली होऊन विचारत होती, माझा फोन का नाही उचलत गं तो? त्या संध्याकाळी आजीचा फोटो आणि नवा नंबर चिकटवून एक कार्ड केलं आणि "उत्तर दे"च्या ढिगात ठेवलं.

मैत्रिणीला काल मी तिन्ही ढिगांची कार्डं मराठीत लिहून पाठवली. माझ्या मुलाला ती वाचता येत नाहीत.