आईबापांना कोण शिकवणार?
ऑटिझमवरच्या एका लेखात म्हटलंय की मुलाला ऑटिझम असेल तर थेरपी लवकर सुरू करा, ते अगदी बरोबर, पण आईबापांच्या ट्रेनिंगचं काय? पहिली दोन वर्षं मी सेंटरबाहेर बाकड्यावर बसून असायचे, आत काय चाललंय ते कुणी सांगायचंच नाही आणि घरी मिक्सरच्या आवाजाने लेक कान दाबून रडायला लागला की आम्ही नुसते हतबल. मग एका ताईंनी मला शेजारी बसवून शिकवलं, तो रमलाय त्याच खेळात आपण शिरायचं, छोटं वाक्य बोलायचं आणि थांबायचं, त्याला वेळ द्यायचा. तेवढ्यानेच खूप फरक पडला हो! जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठी असा कोर्स आहे, ९ गटसत्रं आणि ३ घरभेटी, थेरपिस्ट नसलेली माणसंही तो शिकून पुढे पालकांना शिकवू शकतात, मग आशाताई, अंगणवाडीताईंना तयार करून तालुक्यात का नाही चालवत? आणि बाबा, आजी-आजोबांनाही बोलवा प्लीज, सासूबाई एकदाच येऊन बसल्या आणि "लाडावलाय" हा शब्द घरातून गेला. आणि केंद्र सरकारची ऑटिझमसारखं अपंगत्व असलेल्यांसाठीची संस्था आहे ना, नॅशनल ट्रस्ट, तिच्या निरामय आरोग्य विम्यात १ लाखापर्यंत कव्हर आहे, त्यात थेरपीही येते, हे मला चार वर्षांनी दुसऱ्या एका आईकडून कळलं.