पोचे दुःख आणि पोवरचे संगीत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन कवी आणि कथाकार एडगर ॲलन पो आणि त्याच्या साहित्यावरून स्फुरलेले संगीत या विषयावरील माझ्या लेखावर आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप मला असे समजले : पो हा दारू आणि अफू यांच्या आहारी गेलेला माणूस होता, दुःखातूनच कलाकृती जन्मते, तसे त्याचे लेखन म्हणजे त्या बिघडलेल्या मनाचा उद्गार होता आणि मी ही बाजू सौम्य करून मांडली, संगीतकारांनी त्याच्याकडून केवळ भीतीचे वातावरण उचलले, तेव्हा श्रेय त्यांचेच आहे, आणि देब्युसी या फ्रेंच संगीतकाराच्या शेजारी एका रॉक अल्बमला जागा देणे अनुचित होते. यांतला संगीतकारांच्या श्रेयाविषयीचा दुसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, पण तेथे पोचण्यासाठी पहिल्याचा विचार आधी करावा लागेल.

दारूने पोला छळले, हे खरेच आहे. १८४९ च्या उन्हाळ्यात रिचमंडमध्ये तो मद्यपान सोडण्याची शपथ देणाऱ्या एका मंडळाचा सभासद झाला होता आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला बाल्टिमोरमधील एका मद्यगृहापाशी, भ्रमिष्ट अवस्थेत, स्वतःचे नसलेले कपडे अंगावर असताना तो सापडला. ७ ऑक्टोबरला रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला आणि त्याचे कारण आजही निश्चित झालेले नाही. पण आपण ज्या पोचे वर्णन करता, तो बव्हंशी रूफस ग्रिसवोल्ड या त्याच्या वैऱ्याने घडवला आहे. पोच्या मृत्यूनंतर दोनच दिवसांनी 'लुडविग' या टोपणनावाने त्याने न्यूयॉर्कच्या दैनिकात मृत्युलेख लिहिला, पुढे पोच्या साहित्याचे संपादनही त्याच्याच हाती आले आणि १८५० मध्ये त्याने लिहिलेल्या चरित्रात पोची पत्रे स्वतःला सोयीची होतील अशी बदलून छापली. हा खोटेपणा आर्थर हॉब्सन क्विन यांनी १९४१ च्या आपल्या चरित्रात मूळ पत्रांशी ताडून उघड केला. अफूविषयी तर थॉमस डन इंग्लिश या, पोशी उघड वैर असलेल्या डॉक्टरनेच लिहून ठेवले आहे की त्याला अफूचे व्यसन असते तर ते आपल्या ध्यानात आल्यावाचून राहिले नसते. पोच्या 'लिजिया' या कथेचा निवेदक अफू घेतो. निवेदकाचे व्यसन लेखकाच्या माथी मारण्याची घाई वाचकांनी केली, असे माझे मत आहे.

याचा अर्थ पोच्या आयुष्याचा त्याच्या लेखनाशी संबंध नाही, असा मुळीच नाही. त्याची आई, रंगभूमीवरची अभिनेत्री, तो तीन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा वारली. १८४२ च्या जानेवारीत त्याची तरुण पत्नी व्हर्जिनिया गात असताना तिच्या तोंडातून रक्त आले, आणि क्षयाच्या त्या पहिल्या खुणेनंतर पाच वर्षे झिजून ती गेली. त्याच १८४२ च्या मे महिन्यात 'द मास्क ऑफ द रेड डेथ' ही रक्ताने माखणाऱ्या साथीची कथा प्रसिद्ध झाली. हा योगायोग आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण आता त्या कथेतील घड्याळाकडे पाहा. सातव्या, काळ्या दालनातले ते आबनुसी घड्याळ तासातासाला वाजते, तेव्हा वादकांना वादन थांबवून कान द्यावा लागतो, नाचणारे थबकतात आणि ठोके संपले की संगीत पुन्हा सुरू होते. दुःख कितीही खरे असले तरी हे थांबणे आणि पुन्हा सुरू होणे आपोआप सुचत नाही; ते लेखकाने रचलेले आहे. आंद्रे काप्ले या फ्रेंच संगीतकाराने हार्प आणि चार तंतुवाद्यांसाठी याच कथेवर रचना केली, तेव्हा त्याला ही लय आयती मिळाली होती. त्यात एका क्षणी हार्पवादक तारा सोडून वाद्याच्या लाकडावर बोटांनी ठोके देतो आणि मृत्यू दारात उभा असल्याचे श्रोत्याला कळते. आपण म्हणता ते वातावरण तेथे आहेच, पण ते ज्या सांगाड्यावर उभे आहे तो पोचा आहे.

हाच मुद्दा 'द बेल्स' या कवितेत अधिक स्पष्ट होतो. तिचा पहिला खर्डा अवघ्या अठरा ओळींचा होता. पोने तो पुनःपुन्हा वाढवला आणि अखेरीस शंभराहून अधिक ओळींची, चार भागांची कविता तयार झाली : घसरगाडीच्या चांदीच्या घंटा, लग्नाच्या सोन्याच्या, आगीचा इशारा देणाऱ्या पितळेच्या आणि मृत्यूच्या लोखंडी. प्रत्येक भागात धातू बदलतो, त्याबरोबर स्वर, यमके आणि ओळींची चाल बदलते. नशेच्या लहरीत उमटलेला उद्गार असा टप्प्याटप्प्याने वाढत नाही. 'द रेव्हन' हे काव्य आपण ध्रुवपदाच्या ध्वनीपासून मागे मागे जात कसे रचले, हे पोने १८४६ च्या निबंधात सांगितले आहे. ते अक्षरशः खरे मानणे कठीण असले तरी त्याची दृष्टी त्यातून कळते, आणि मॉरिस रावेलसारख्या काटेकोर संगीतकाराने रचनेच्या बाबतीत पोला आपला गुरू मानले, ते याच निबंधामुळे.

येथे आपण योग्य शंका काढली आहे की रखमानिनोव या रशियन संगीतकाराने १९१३ मध्ये 'द बेल्स'वर समूहगानाची सिम्फनी रचली, ती कवी कॉन्स्तान्तिन बाल्मोंतच्या अतिशय मोकळ्या रशियन रूपांतरावर. मग पोचा नाद त्याच्यापर्यंत पोचला कसा? इंग्रजी शब्दांचा नाद पोचला नाही, हे मान्य. पण चार धातू, चार अवस्था आणि बाळपणापासून थडग्यापर्यंत उतरत जाणारा क्रम शाबूत पोचला, आणि रखमानिनोवच्या चार भागांची उभारणी नेमकी त्यावरच आहे. त्याच्या श्रेयात मी काहीही उणे करत नाही. पोची कविता मनोऱ्यात नाचणाऱ्या पिशाचांच्या राजापाशी संपते, तर रखमानिनोवचा वाद्यवृंद शेवटी शांत, सांत्वन करणाऱ्या स्वरांत विसावतो. ती करुणा सर्वस्वी त्याची आहे.

दुःखातूनच कलाकृती जन्मते, या आपल्या विधानाला माझ्या मते सर्वांत बोलके उत्तर देब्युसी देतो. पोच्या 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' या कथेवर संगीतिका करण्याचे त्याने १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराला कबूल केले. संहिता त्याने स्वतः लिहिली आणि ती पुनःपुन्हा बदलली. पुढच्या वर्षांत कर्करोगाने त्याला ग्रासले, आणि प्रत्येक आवाजाने विव्हळणारा, केवळ काही तंतुवाद्यांचेच सूर सहन करू शकणारा रॉडरिक अशर त्याला स्वतःसारखा वाटू लागला. वेदना, एकाकीपणा, मृत्यूचे भय यांतले काहीच त्याच्याकडे कमी नव्हते. तरीही १९१८ मध्ये तो गेला, तेव्हा मागे उरले ते काही प्रसंगांपुरतेच संगीत. ते ऐकताना मला फार वाईट वाटते, कारण जे आहे ते विलक्षण आहे.

राहिला रॉक अल्बम. ॲलन पार्सन्स प्रोजेक्ट या ब्रिटिश रॉक गटाचा, पोच्या साहित्यावरचा १९७६ चा तो अल्बम मी सवंग मानत नाही. त्यातला अशरच्या कथेवरचा दीर्घ भाग जवळजवळ पूर्णपणे वाद्यसंगीताचा आहे आणि त्याच्या पूर्वरंगाची प्रेरणा देब्युसीच्या याच अपूर्ण संगीतिकेतून आलेली आहे. म्हणूनच मी ती दोन नावे शेजारी ठेवली. आपण दोन्ही एकापाठोपाठ ऐकावेत, आधी देब्युसी आणि मग तो पूर्वरंग, अशी माझी विनंती आहे. त्यानंतरही आपला आक्षेप कायम राहिला, तर तो नेमक्या कोणत्या जागेवर आहे ते अवश्य लिहावे. त्यावर पुढे बोलायला मला आवडेल.